जुन्या स्पोर्ट्स कारला मोठी चाके: आधी माप, मग खरेदी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धुळे, जळगाव, भुसावळ, नंदुरबार या भागात जुन्या दोन दारी आणि उघड्या टपाच्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस वाढते आहे. कुणाकडे आजोबांच्या काळातली स्टँडर्ड हेराल्ड आहे, कुणी बाहेरून एमजीबी किंवा ट्रायम्फ स्पिटफायर ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार मिळवली आहे. इंजिन सुरू झाले, पत्रा सरळ झाला, रंग लागला की पुढचा खर्च ठरलेला असतो: मोठी अलॉय चाके. दुकानात चमकणारा सोळा-सतरा इंची सेट आवडतो, पैसे दिले जातात आणि मग तो बसवण्यासाठी गाडी कापायला घेतली जाते. हा क्रम उलटा आहे. त्यातून होणारे नुकसान पैशांपुरते राहत नाही, गाडीत बसणाऱ्याच्या जिवाशी येते. म्हणून हे सविस्तर पत्र.

मोठे चाक लावणेच चूक, असे आमचे म्हणणे नाही. एक इंच मोठी रिम आणि थोडा रुंद रेडियल टायर नीट मापाने बसवला तर ब्रेक लागताना पकड सुधारते आणि वळणावर गाडी कमी डुलते. पण "जुन्या मापाचे टायर आता मिळत नाहीत" हे जे कारण सर्रास दिले जाते, ते बहुतेक वेळा खरे नसते. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीच्या बऱ्याच गाड्यांना १६५ रुंदीचा चौदा इंची रेडियल टायर होता. हेच माप, १६५/८० आर १४, मारुती स्विफ्टच्या साध्या मॉडेलला येते, त्यामुळे ते तालुक्याच्या दुकानातही मिळते. हेराल्डचा मूळ ५.२०-१३ हा क्रॉसप्लाय (रेडियलच्या आधीच्या पद्धतीचा) टायर दुर्मिळ झाला हे खरे, पण त्याच्या जागी चालणारा १५५/८० आर १३ वॅगन-आरला येतो. ज्यांना फक्त चांगले, नवे, सुरक्षित टायर हवे आहेत त्यांनी रिम बदलण्याच्या भानगडीत पडू नये. मूळ रिम तपासून, गंज काढून, रंगवून त्यावरच नवे टायर चढवावेत.

तरीही मोठे चाक हवेच असेल, तर पहिला हिशेब चाकाच्या बाहेरच्या व्यासाचा. टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिलेले असते. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के, आणि १४ हा रिमचा व्यास इंचांत. १६५ चे ऐंशी टक्के १३२ मिमी. भिंत वर आणि खाली दोन्हीकडे येते म्हणून दुप्पट, २६४. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिमी. बेरीज ६१९.६ मिमी. नवे चाक कितीही इंची असो, त्याची बेरीज या आकड्याच्या आसपास आली पाहिजे. दोन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, तीनच्या पुढे जाऊ नये.

हा हिशेब एमजीबीला लावू. १८५/६५ आर १५ ची बेरीज ६२१.५, म्हणजे जवळजवळ तंतोतंत. १९५/६० आर १५ ची ६१५, तेही उत्तम. पण १९५/६५ आर १५ हा सहज मिळणारा टायर घेतला तर ६३४.५, आणि २०५/६५ आर १५ घेतला तर ६४७.५ मिमी होतात. या शेवटच्या टायरवर स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात साडेत्र्याऐंशीच्या वेगाने धावत असते. किलोमीटरची नोंद चुकते, शिवाय प्रत्येक गिअर लांब होतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना जिथे तिसऱ्या गिअरने भागायचे तिथे दुसरा टाकावा लागतो, आणि क्लच घासून गाडी उचलण्याची सवय लागते. जुन्या गाडीची क्लचप्लेट असल्या कामाला फार दिवस टिकत नाही.

हेराल्ड आणि स्पिटफायरसाठी १५५/८० आर १३ चा व्यास ५७८ मिमी धरा. १७५/७० आर १३ चा ५७५ येतो, रिम चौदाची केली तर १८५/६० आर १४ चा ५७७.६. दोन्ही हिशेबात बसतात. मात्र १८५ रुंदीचा टायर त्या छोट्या मडगार्डखाली मावतो का, हा वेगळा प्रश्न आहे, त्याकडे पुढे येतो.

सतरा इंचीची बाजू घेणारे म्हणतील की २०५/४५ आर १७ चा व्यासही ६१६ मिमी येतो, मग अडचण काय? अडचण भिंतीच्या उंचीत आहे. मूळ टायरची भिंत १३२ मिमी, १८५/६५ ची १२०, आणि या सतरा इंचीची फक्त ९२. आपले तालुक्यांचे रस्ते काळ्या कपाशीच्या जमिनीवर आहेत. ही जमीन पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे डांबराला लाटा येतात आणि कडा तुटतात. त्यात गावोगावचे पांढरे पट्टे नसलेले गतिरोधक, आणि रावेर-यावलकडे केळीच्या ट्रकांनी दाबून खोल केलेल्या चाकोऱ्या. ९२ मिमीची भिंत खड्ड्याच्या कडेवर आपटली की रिम आणि खड्डा यांच्यामध्ये टायर चिमटला जातो. आतले धागे तुटतात आणि बाहेर टेंगूळ येते. असा टायर दुरुस्त होत नाही, तो फेकावाच लागतो. अलॉयची कड वाकते किंवा तडकते आणि हवा हळूहळू उतरू लागते. म्हणून एमजीबीच्या वर्गातल्या गाडीला खानदेशात पंधरा इंच ही मर्यादा मानावी, आणि भिंत ११० मिमीच्या खाली जाऊ देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रुंदीच्या बाबतीत टायर आणि रिम यांची जोडी जमावी लागते. १८५/६५ आर १५ साठी साडेपाच इंच रुंदीची रिम आदर्श, पाच ते साडेसहा चालते. १९५/६० आर १५ साठी सहा इंच आदर्श. रिम अर्ध्या इंचाने रुंद घेतली की तोच टायर सुमारे पाच मिमी अधिक पसरतो, त्यामुळे मडगार्डपाशी जागा मोजताना हे धरावे. टायरच्या भिंतीवरचा भारांकही पाहावा. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८८ म्हणजे ५६०. मूळ टायरच्या भारांकापेक्षा कमी कधीच घेऊ नये.

आता सर्वांत धोकादायक भाग: पीसीडी. हब म्हणजे चाक ज्यावर बसते ती गोल तबकडी, आणि तिच्यातून बाहेर आलेले आट्यांचे बोल्ट म्हणजे स्टड. हे स्टड ज्या काल्पनिक वर्तुळावर असतात त्याचा हा व्यास. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधले अंतर घ्यायचे. नेमका मध्य सापडत नाही, म्हणून व्हर्नियरने एका स्टडच्या डाव्या कडेपासून समोरच्या स्टडच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे, उत्तर तेच येते. पाच स्टड असतील तर शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतले अंतर घेऊन त्याला १.७०१ ने गुणावे.

स्टडच्या चाकांच्या एमजीबीचा पीसीडी ११४.३ मिमी, म्हणजे साडेचार इंच. एमजी मिजेटचा १०१.६, म्हणजे चार इंच. हेराल्ड आणि स्पिटफायरचा ९५.२५, म्हणजे पावणेचार इंच. फियाट १२४ स्पायडरचा ९८. आणि आपल्याकडच्या दुकानांत जे चार भोकांचे अलॉय टांगलेले असतात त्यांतले पुष्कळसे १०० चे, कारण स्विफ्ट, आय-२०, होंडा सिटी या गाड्यांना तेच लागते. १०१.६ किंवा ९८ च्या हबवर १०० ची रिम जोर लावून चढते, हीच खरी गोम आहे. चढते म्हणून बसली असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक स्टड पाऊण ते एक मिमी बाजूला ओढला जातो. नटाचा उतार रिमच्या खाचेत एकाच कडेने टेकतो. पान्याला घट्ट लागते, पण तो घट्टपणा खोटा असतो. थोडे अंतर चालल्यावर नट ढिले पडतात, पुन्हा आवळले जातात, आणि रोज वाकून-सरळ होऊन शेवटी स्टड मुळातून तुटतो. एक तुटला की त्याचा भार बाकीच्या तिघांवर येतो.

९५.२५ च्या हेराल्डवर १०० ची रिम चढतच नाही. तिथे मग भोके कानशीने लांबट केली जातात, किंवा जुनी भोके वेल्डिंगने बुजवून नवी पाडली जातात. हे दोन्ही प्रकार कुठल्याही परिस्थितीत करू नयेत. अलॉयची ताकद कारखान्यातल्या उष्णताप्रक्रियेतून येते. वेल्डिंगने नेमकी नटांभोवतीचीच जागा कमकुवत होते. खड्ड्यात वाकलेला अलॉय गॅसवर तापवून ठोकून सरळ करण्याचा जो धंदा आहे, त्यालाही हेच लागू. जुनी अलॉय घेताना रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून पाहावी. कड एक मिमीपेक्षा जास्त थरथरत असेल किंवा आतल्या बाजूला वेल्डिंगचा जोड दिसत असेल तर ती परत करावी. रिमच्या आत माप, ऑफसेट (याबद्दल पुढे) आणि जेडब्ल्यूएल हे अलॉय चाकांच्या जपानी मानकाचे चिन्ह ओतीव अक्षरांत आहे का, तेही बघावे. योग्य पीसीडीची रिम बाहेरून मागवायला वेळ आणि पैसा लागतो, हे मान्य. तो नसेल तर मूळ रिम बरी. आमच्या मते इथल्या रस्त्यांना चांगली लोखंडी डिस्क, म्हणजे साधी लोखंडी रिमच जास्त योग्य आहे. ती वाकली तरी तडकत नाही, आणि थोडी वाकलेली कड सरळ करता येते.

मधल्या भोकाचे थोडक्यात. आजच्या बहुतेक गाड्यांत रिमचे मधले भोक हबच्या कंगोऱ्यावर बसते आणि चाक मध्यावर येते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हे काम नटांचा उतार करतो. भोक हबपेक्षा मोठे असले तर चालते, मात्र नट चाक अधांतरी असताना आवळावे लागतात. भोक लहान असेल तर लेथवर वाढवून घेता येते. ग्रीसची टोपी भोकातून मोकळी बाहेर येते का, एवढे पाहावे.

ऑफसेट हा शब्द दुकानात फारसा कुणी उच्चारत नाही, आणि निम्मे घोटाळे त्यातूनच होतात. रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती बाहेर आहे, ते हे अंतर. आजच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या रिमचा ऑफसेट ३५ ते ४५ मिमी असतो. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा त्याहून बराच कमी. समजा जुनी रिम पाच इंची आणि २० ऑफसेटची आहे. नवी सहा इंची, ३५ ची घेतली. जुन्या रिमची आतली कड हबच्या टेकणीपासून ८३.५ मिमी आत होती, नवी १११ मिमीवर जाते. म्हणजे चाक २८ मिमी आत घुसले. तिथे शॉकअप, कमानपाटा, ब्रेकचा होज असतो. बाहेरून पाहताना मात्र चाक जुन्यापेक्षा दोन मिमी आतच दिसते, त्यामुळे "मस्त बसले" असे वाटते. तीच सहा इंची रिम २० ऑफसेटची घेतली असती तर रुंदी दोन्ही बाजूंना १२.७ मिमीने सारखी वाढली असती.

आपल्या जुन्या रिमचा ऑफसेट घरी मोजता येतो. टायर काढलेली रिम तोंड खाली करून सपाट फरशीवर ठेवा. मागच्या कडेवर आडवी सरळ पट्टी टाका. पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजा. मग रिमची बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची पूर्ण रुंदी मोजून तिचे निम्मे करा. खोलीतून निम्मी रुंदी वजा केली की ऑफसेट मिळतो. ही पूर्ण रुंदी नावाच्या रुंदीपेक्षा सुमारे एक इंचाने जास्त भरते, कारण नावाची रुंदी टायर बसतो त्या आतल्या जागेची असते.

चाक आत घासू लागले की त्यावर उपाय म्हणून स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसवायची जाड चकती, सुचवला जातो. स्पेसरने चाक बाहेर येते तेवढीच स्टडची लांबी नटातून कमी होते. नियम साधा आहे: नटाचे आटे निदान स्टडच्या जाडीइतके गुंतले पाहिजेत. एमजीबीचा स्टड अर्धा इंची, इंचाला वीस आट्यांचा, म्हणजे नट निदान दहा पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. हेराल्डचा तीन-अष्टमांश इंची, चोवीस आट्यांचा, तिथे नऊ फेरे. बारा मिमीचा, दीड मिमी पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) स्टड असेल तर आठ. यापेक्षा कमी फेरे येत असतील तर लांब स्टड बसवा, नाहीतर स्पेसर काढा. एकावर एक दोन स्पेसर किंवा वॉशरची चळत तर मुळीच नको. दुसरे म्हणजे, चाक वीस-पंचवीस मिमी बाहेर ढकलले की स्टेअरिंगवर प्रत्येक खड्ड्याचा झटका हाताला येतो आणि बेअरिंग व किंगपिन (पुढचे चाक ज्याभोवती वळते तो खिळा) यांवरचा ताण वाढतो. ज्या गाडीचे किंगपिन मिळवताना नाकी नऊ येतात, तिला हा भार देऊ नये.

नटांची गल्लत फार होते. अर्धा इंची नट बारा मिमीच्या स्टडवर सहज फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो, पण आटे नीट पकडत नाहीत आणि भार येताच सोलवटून निघतात. नटाच्या टेकणीचा आकारही रिमशी जुळला पाहिजे. साठ अंशांच्या उताराची खाच असेल तर तसाच नट, गोल खाच असेल तर गोल, आणि सपाट टेकणीची रिम असेल तर वॉशरसह लांब मानेचा नट. लोखंडी डिस्कचे जुने नट अलॉयला वापरू नयेत. आवळताना ताऱ्याच्या आकाराच्या क्रमाने, म्हणजे एकानंतर समोरचा, आणि शेवट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने). एमजीबीला ६० ते ६५ पाउंड-फूट, म्हणजे ८१ ते ८८ न्यूटन-मीटर. हेराल्डचे स्टड बारीक आहेत, त्यांना याहून बरेच कमी लागते, हा आकडा त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. हवेच्या बंदुकीने नट ठोकून बसवण्याची जी पद्धत पडली आहे ती जुन्या स्टडना ताणून टाकते. बंदुकीने सैल करा, हरकत नाही, पण आवळताना हाताचा पाना घ्या. नव्या अलॉयवर ५० ते १०० किमी झाल्यावर नट पुन्हा तपासणे आवश्यक आहे, कारण खाचेतला रंग आणि धातू तेवढ्या अंतरात दबतो.

जागेची तपासणी गाडी जॅकवर असताना चाक फिरवून होत नाही. आधी जुनी रबरी बुशे आणि कमानपाट्याचे बोल्ट बघा, ती ढिली असतील तर सगळी मापे फसवी येतात. मग एकच चाक उसने आणून किंवा विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडून मागून बसवा. मागे वजन ठेवा, दोन माणसे बसवा. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक अर्धा फूट उंच लाकडी ठोकळ्यांवर चढवा, म्हणजे त्या दोन कोपऱ्यांवर स्प्रिंग पुरती दबेल. मग ठोकळे अदलून दुसरे दोन कोपरे. या अवस्थेत स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टायर जिथे पत्र्याच्या किंवा पाइपच्या जवळ येतो तिथे ओल्या शाडूचा गोळा चिकटवा. तो किती चपटा झाला त्यावरून नेमकी जागा कळते. आत स्थिर भागापासून निदान सहा मिमी आणि ब्रेकच्या होजपासून त्याहून जास्त अंतर हवे. मागच्या मडगार्डच्या कडेपासून बारा मिमी तरी ठेवा. एमजीबीचा मागचा अॅक्सल फक्त कमानपाट्यांवर तोललेला असतो, त्याला आडवे धरून ठेवणारा दांडा नाही. जोराच्या वळणावर तो बाजूला सरकतो, म्हणून उभ्या गाडीत पाच मिमी सुटलेले चाकही रस्त्यावर घासते. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा, कारण हाताने जोडलेल्या या गाड्यांत डावी-उजवी बाजू क्वचितच सारखी असते. टायरच्या मापावरही पूर्ण विसंबू नका. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर रुंदीत काही मिमी वेगळे भरतात.

ब्रेक कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) आणि रिमची आतली बाजू यांत तीन मिमी मोकळे हवेत. बॅलन्सिंगच्या चिकटपट्टीची वजने आत लावली जातात, ती कॅलिपरला खरवडत नाहीत ना, हे चाक हाताने फिरवून ऐका.

घासले की मडगार्डची कड आत दुमडायची किंवा कापायची, हा सरधोपट मार्ग आहे. दुमडताना जुना रंग आणि भरलेली लांबी (पुट्टी) तडकते, तड्यांत पाणी शिरते, आणि एक-दोन पावसाळ्यांत तिथूनच पत्रा कुजतो. बऱ्याच गाड्यांत ती कड म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याचा जोड असतो. ती कापली की जोड उघडा पडतो. दहा मिमीसाठी साठ वर्षांचा पत्रा कापण्यापेक्षा टायर १९५ ऐवजी १८५ चा घ्या.

हेराल्ड आणि स्पिटफायरच्या मालकांनी एक गोष्ट अधिक जाणून घ्यावी. या गाड्यांचा मागचा अॅक्सल स्विंग पद्धतीचा आहे, म्हणजे प्रत्येक चाक डिफरन्शियलजवळच्या सांध्याभोवती वर-खाली झुलते आणि त्याबरोबर तिरके होते. वळणावर अचानक पाय उचलला की मागची बाजू वर उठते आणि बाहेरचे चाक आत दुमडू पाहते. जुना अरुंद टायर अशा वेळी घसरून जोर सोडून देत असे. रुंद, चिकट टायर घसरत नाही, तो गाडीला आणखी वर उचलतो. तोरणमाळच्या घाटातल्या नागमोडी वळणांवर हे जिवावर बेतू शकते. या गाडीला १५५ रुंदीचाच टायर ठेवणे आमच्या मते सर्वांत शहाणपणाचे, फार तर १७५/७० आर १३. पुढच्या चाकाच्या ट्रनियनला (चाक ज्यावर वळते त्या खालच्या सांध्याला) ग्रीस नव्हे, नव्वद नंबरचे गिअर ऑइल लागते, हेही टायर बदलताना लक्षात असू द्या. कोरडा पडलेला ट्रनियन रुंद टायरच्या ओढीने तुटतो आणि चाक आडवे होते.

तारांची चाके असलेल्या एमजीबीत पीसीडी नसतो, दातेरी हब आणि मधला एकच मोठा नट असतो. त्या गाडीचा मागचा अॅक्सल स्टडवाल्या गाडीपेक्षा अरुंद असतो, म्हणून स्टडच्या गाडीला चालणारे माप तिला आणि तिचे हिला तसेच लागू होत नाही. साठ तारांच्या जुन्या चाकावर रुंद टायर चढवू नका, निदान बहात्तर तारांचे घ्या. प्रत्येक तारेवर पान्याने हलके टिचकी मारा: घट्ट तार खणखणते, ढिली बद्द वाजते. तारांची टोके रिमच्या आरपार जातात म्हणून या चाकांना ट्यूब आणि वरची रबरी पट्टी लागतेच, ट्यूबलेस म्हणून चालवू नयेत. डाव्या आणि उजव्या बाजूच्या नटांचे आटे उलट असतात. हब अदलाबदल झाले तर चालत्या गाडीत नट आपोआप सुटतो.

हवेबद्दल. जुन्या एमजीबीच्या पुस्तकात पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय असे आकडे आहेत. आपल्याकडे पंपावर न विचारता ३२-३५ भरले जातात. साडेनऊशे किलोच्या आसपासच्या गाडीला ते फार होते. टायर मधोमध झिजतो आणि गाडी उड्या मारते. १८५/६५ आर १५ वर २६ पासून सुरुवात करा, टायरवर आडवी खडूची रेघ ओढून सरळ रस्त्यावर थोडे अंतर चालवा. मधली रेघ आधी पुसली तर हवा जास्त, कडा आधी पुसल्या तर कमी. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या घरात असतो. भर दुपारी २८ पीएसआय भरले तर पहाटे २७ अंशांत तीच हवा साडेपंचवीसवर येते. म्हणून हवा नेहमी सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी. कमी हवेचा टायर तापलेल्या महामार्गावर भिंतीतून वाकून-वाकून गरम होतो, आणि फुटण्याची सुरुवात तिथूनच होते. या गाड्या वर्षात फार थोड्या चालतात, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर मेलेले, असे टायर सर्रास दिसतात. भिंतीवरच्या शेवटच्या चार अंकांवरून वय कळते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासावा, दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढून टाकावा.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतली. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळू शकतो. नवी नोंदणी २०,००० रुपयांत, दहा वर्षांसाठी. अट अशी की चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. चाके परत बदलता येतात, पण कापलेले मडगार्ड हा बॉडीतला बदल ठरू शकतो. मूळ पाच चाके, टोप्या आणि नट ही सगळी जपून ठेवा, भंगारात घालू नका. पाच म्हटले, कारण स्टेपनी राहून जाते. चार चाके मोठी आणि डिकीत जुने लहान चाक असे झाले तर व्यास जुळणारे असले तरी नट वेगळे लागू शकतात. तसे असेल तर जुन्या नटांचा पूर्ण संच स्टेपनीसोबतच ठेवा, आणि नवे चाक डिकीच्या खोलीत मावते का हे खरेदीपूर्वी पाहा.

टायर आणि अलॉय विकणाऱ्या व्यावसायिकांना आमची विनंती आहे की बिलावर रिमचे पूर्ण माप लिहून द्यावे: व्यास, रुंदी, पीसीडी, ऑफसेट, मधल्या भोकाचा व्यास आणि नटाचा आटा. आज बहुतेक बिलांवर फक्त "अलॉय, १५ इंच, ४ नग" एवढेच असते, आणि चूक झाल्यावर ग्राहकाच्या हातात दाखवायला काही उरत नाही. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीसाठी गाडी एमएच-१८, १९ किंवा ३९ च्या, म्हणजे धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या आरटीओ कार्यालयात येते. तिथे तपासणी करताना दिवे, हॉर्न आणि धुराबरोबर एक चाक उतरवून नटाचे फेरे मोजावेत, भोके कानशीने वाढवलेली नाहीत ना हे बघावे. त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.

आपले,
जुन्या गाड्यांचे काम करणारे काही मेकॅनिक व टायर कारागीर,
धुळे व जळगाव